शेवटच्या स्टेशनावरचं घर

विमा कंपनीत तिचं काम म्हणजे दुसऱ्याच्या घरात जायचं आणि तिथे काय गेलं, किती गेलं, ते ठरवायचं. पाइप फुटून फुगलेली लाकडी जमीन, शॉर्टसर्किटनं काळवंडलेलं कपाट, वरच्यांच्या टबातल्या पाण्यामुळे खालच्यांच्या डोक्यावर आलेलं छत. लोक डोळे पुसत सांगायचे, हा सोफा म्हणजे आमचा जीव होता हो. ती जिवाला किंमत लावत नसे, सोफ्याला लावायची. धंद्याचा नियम साधा होता. वस्तू घेतली तेव्हा केवढ्याला पडली ते विचारायचं नाही, आता ती नाही म्हणून किती रडू येतंय तेही धरायचं नाही. ती जायच्या आदल्या दिवशी तिची काय किंमत होती, तेवढंच बघायचं. ऑफिसात तिला सगळे ‘आदला दिवस’ म्हणत. म्हणजे पाठीमागे. तोंडावर मॅडम.

तिचा नवरा कानाची यंत्रं बसवायचा. दिवसभर त्याच्यासमोर म्हातारी माणसं बसत, तो विचारायचा, “आता ऐकू येतंय का?” आणि समोरून यायचं, “काय म्हणालात?” यावर कधी वैतागला नाही असा तो शहरातला एकटाच कानवाला असावा. त्याच्या हाताखालून गेलेली यंत्रं परत दुरुस्तीला येत नसत. आणि त्यातलं सगळ्यात उत्तम यंत्र त्यानं दोन वर्षांपूर्वी आपल्या आईच्या कानात बसवलं.

इथेच त्यानं पायावर धोंडा पाडून घेतला. घर भाड्याचं, दोन खोल्यांचं, मधली भिंत नावापुरती. तोवर सासूबाईंना शेजारून वरात गेली तरी पत्ता लागत नसे. यंत्र बसलं आणि फ्रिज उघडल्याचं तर त्यांना कळायला लागलंच, कोणी उघडला आणि कशासाठी तेही कळायला लागलं. एकदा ती स्वयंपाकघरात नवऱ्याला हळूच म्हणाली, “आई जरा जास्तच मीठ घालतात.” आतून आवाज आला, “उद्यापासून तू घाल.”

तेव्हापासून नवरा-बायकोचं बोलणं घराबाहेर पडलं ते मेट्रोत जाऊन बसलं. त्यांचं स्टेशन शेवटून दुसरं. सकाळी गाडी रिकामीच यायची, दोघांना शेजारी शेजारी जागा मिळायची, आणि पाऊण तास, जंक्शन येईपर्यंत, त्यांचा सगळा संसार तिथे चालायचा. लेकीच्या शाळेचं, धाकट्या दिराच्या उधळेपणाचं, तिच्या साहेबाच्या खवचटपणाचं, सगळं. भांडणंसुद्धा. जंक्शनला तो उतरून दुसरी गाडी पकडायचा, ती तशीच पुढे जायची. भांडण अर्धवट राहिलं तर दुसऱ्या दिवशी त्याच डब्यात पुढे चालू. याला त्यांनी कधी काही नाव दिलं नव्हतं. प्रवास म्हणजे प्रवास. रोज जाणारा वेळ. वाया.

म्हणून घर घ्यायची वेळ आली तेव्हा दोघांनी तो वायाच्याच रकान्यात टाकला.

घरमालकाला जागा मुलासाठी परत हवी होती, त्यामुळे घर घेणं आता टळत नव्हतं. एजंटनं दोन जागा दाखवल्या. एजंट गोल चेहऱ्याचा, दोन फोनवाला. एकावर बोलताना दुसऱ्याकडे माफीच्या नजरेनं बघायचा.

पहिली जागा जंक्शनवर. स्टेशनचा जिना चढून रस्ता ओलांडला की दार. तीन खोल्या, आटोपशीर. तिथून तिचं ऑफिस एका बाजूला जेमतेम तीन-चार स्टेशनं, त्याचं दुकान दुसऱ्या बाजूला तेवढंच. दुसरी जागा लाइनच्या अगदी टोकाला, शेवटच्या स्टेशनावर, म्हणजे आत्ताच्या घरापेक्षाही एक स्टेशन लांब. चार खोल्या, रुंद गॅलरी, मागे मेट्रोच्या गाड्या धुवायची शेड. किंमत जवळपास सारखीच. ही जागा कित्येक महिने कोणी घेतली नव्हती.

“ही मी उगाच दाखवली,” एजंट म्हणाला. “म्हणजे पहिली किती चांगली आहे ते तुम्हाला दिसावं म्हणून. ताई, रोजचा जाण्यायेण्याचा केवढा वेळ वाचतो बघा. तो वेळ तुमच्या संसाराला.”

घरात मतदान झालं. लेक जंक्शनच्या बाजूनं, कारण तिथे सिनेमा चालत जाता येतो. सासूबाई जंक्शनच्या बाजूनं, कारण विचारलं नाही. नवरा म्हणाला, “बघू.” त्याच्या तोंडून ‘बघू’ आलं की ते निम्मं ‘हो’ असतं, हे तिला माहीत होतं. उरली ती. आणि तिला काही केल्या कळेना की आपल्याला नेमकं काय खुपतंय. सगळे आकडे जंक्शनच्या बाजूनं. नुकसान होतंय असं वाटत होतं, पण कशाचं ते सापडत नव्हतं. जागेवर जाऊन पाहणी करावी आणि भिंतीवर डाग कुठेच दिसू नये, पण वास मात्र यावा, तसं.

आता असं झालं की ती गप्प बसणारी नाही. तिनं नवऱ्याला गाडीत सांगितलं, “हा आठवडा आपण तिथेच राहतो असं समजू या. जंक्शनवरून जसं निघायला लागेल, तसं निघायचं.”

“म्हणजे?”

“म्हणजे तुझं दुकान लवकर उघडतं, तू लवकर नीघ. माझं ऑफिस उशिरा, एरवी तुझ्याबरोबर म्हणून लवकर निघते, ती मी उशिरा निघेन. जंक्शनपर्यंत कसे पोचलो ते धरायचं नाही. तिथून पुढचं बघायचं.”

“पाहणी,” तो म्हणाला.

“पाहणीच.”

तर सोमवारपासून पाहणी सुरू झाली. ती एकटी जंक्शनच्या फलाटावर उतरली, दाराजवळून बाजूला झाली आणि आपण आत्ताच घरून चहा पिऊन आलोय असा चेहरा करून पुन्हा रांगेत उभी राहिली. गाडी आली ती भरलेलीच. आत शिरली, कोणाच्या तरी काखेखाली जागा मिळाली, आणि धड पिशवी सावरेपर्यंत ऑफिसचं स्टेशन आलंसुद्धा. हे खरंच छान होतं. तिनं प्रामाणिकपणे मनात नोंदवलं: छान.

पण तिला एक नवंच काही दिसायला लागलं. डब्यात दोन जातींची माणसं असतात. लांबून येणारे आणि जवळून येणारे. लांबून येणाऱ्यांनी डब्यात घर थाटलेलं असतं. एक बाई स्वेटर विणत होती, पाठ झाली होती आणि आता बाह्या. एक गृहस्थ संत्रं सोलून सालं नीट कागदात बांधत होता. दोन मित्र डोक्याला डोकं लावून मोबाइलवर बुद्धिबळ खेळत होते आणि एकमेकांच्या घराण्याचा उद्धार करत होते. जवळून येणारे मात्र सगळे दाराकडे तोंड करून उभे. लिफ्टमध्ये उभं राहावं तसे. ते कोणाकडे बघत नव्हते, कोणाशी बोलत नव्हते. ती आता त्यांच्यातली होती.

ऑफिसात तिच्या शेजारच्या टेबलावर एक जण होता, त्याचं घर ऑफिसच्या समोरच. त्याला सगळे ‘खिडकी’ म्हणत, कारण त्याची खिडकी ऑफिसातून दिसायची. तिनं त्याला गाठलं.

“एक विचारू? तुमचा जो वेळ वाचतो, त्याचं तुम्ही काय करता?”

“कुठला वेळ?”

“येण्याजाण्याचा. आम्ही लांबून येतो, तुम्ही रस्ता ओलांडून येता. तो मधला वेळ.”

खिडकीनं खरोखर विचार केला. चष्मा काढला, पुसला. “सुरुवातीला पोहायला जायचो,” तो म्हणाला. “मग साहेबांना कळलं मी समोरच राहतो. चावी विसरली, बोलवा त्याला. अलार्म वाजला, बोलवा त्याला. घरी म्हणतात, तू काय, समोरच तर आहेस, दुपारी येऊन कुकर लाव. आता सगळ्यात उशिरा मीच येतो, बघितलं असेल तुम्ही.”

“म्हणजे वेळ गेला कुठे?”

“मलाही कधीतरी शोधायचाय,” तो म्हणाला. “पण वेळ मिळत नाही.”

हे सगळं नवऱ्याला सांगावं म्हणून ती संध्याकाळी घरी आली, तर सासूबाई सोफ्यावर, यंत्र कानात, लेक अभ्यासाला. सांगू उद्या, असं मनात म्हणाली. उद्या गाडीत तो नव्हता.

बुधवारपर्यंत घराची शिवण उसवायला लागली. लेकीच्या पोहण्याची फी दोघांनीही भरली. तलावावरच्या बाईंनी आभाराचा फोन केला. गळक्या नळासाठी प्लंबरला दोघांपैकी कोणीच बोलावलं नाही, कारण दोघांनाही वाटलं दुसऱ्यानं बोलावलंय. आणि गुरुवारी दुपारी, ती एका बुडालेल्या तळघरात गमबूट घालून उभी असताना, एजंटचा फोन आला.

“ताई, जंक्शनची जागा धरून ठेवलीय बरं का. साहेबांनी सकाळीच होकार कळवला.”

“मी तर तुम्हाला काल थांबा म्हटलं होतं.”

“तेच तर.” तो अदबीनं खाकरला. “ताई, राग मानू नका, पण तुम्ही दोघं एकाच घरात राहता ना?”

ती घोट्यापर्यंत पाण्यात उभी होती. तळघराचा मालक शेजारी कंदिलासारखी बॅटरी धरून उभा होता आणि भिजलेल्या खोक्यांकडे बोट दाखवत होता. आणि तिथे, दुसऱ्याच्या नुकसानीत, तिला आपलं सापडलं. जे वाया म्हणून मांडलं होतं तीच मिळकत होती. जंक्शनच्या घरात वेळ वाचणार होता आणि नवरा-बायको डाव्या-उजव्या गाडीत बसून रोज एकमेकांपासून लांब जाणार होते.

“शनिवारी येतो आम्ही,” ती म्हणाली. “दोघं.”

“शनिवार शेवटचा हं ताई. दुसरी पार्टी दारात उभी आहे.”

आता हे घरात पटवायचं कसं? गुरुवारी संध्याकाळी ती आणि सासूबाई कपड्यांच्या घड्या घालत बसल्या होत्या. तिनं सहज विचारल्यासारखं विचारलं, “आई, तुम्हाला जंक्शनचंच घर का आवडलं?”

“मला कसलं काय. मला एक खिडकी असली की झालं.” सासूबाईंनी चादरीची दोन टोकं तिच्या हातात दिली. “तुमच्यासाठी म्हणतेय. जरा लवकर घरी याल, चार शब्द बोलाल एकमेकांशी.”

“बोलतो की आम्ही.”

“कधी? अगं, दोन वर्षं झाली, जेवण आटोपलं की मी हे काढून डबीत ठेवते.” त्यांनी कानामागे बोट लावलं. “म्हटलं, नवरा-बायको आहेत, बोलू देत मोकळेपणानं. पण छे. तुम्ही आपले दोन भिंतींसारखे.”

तिच्या हातातली चादर लोंबायला लागली. “काढून ठेवता? पण मग तुम्हाला काय कळणार आम्ही बोलतो की नाही ते?”

“कान काढते, डोळे नाही काढत. तोंडं हलत नाहीत तुमची.” सासूबाईंनी आवाज उतरवला. “खरं सांग, काही बिनसलंय का? नाही म्हणजे, मुलगा माझा असला तरी मी तुझी बाजू ऐकेन.”

काय सांगणार? तुमच्या भीतीनं आम्ही संसार मेट्रोत हलवला, हे तोंडावर सांगायची सोय नव्हती. आणि दोन वर्षं ही बाई रोज रात्री आपल्यासाठी मुद्दाम बहिरी होत होती. तिनं एकाच टॉवेलाची तीनदा घडी घातली.

शुक्रवारी तिनं नवऱ्याला डोळ्यांनी खुणावलं. जेवण झालं, सासूबाईंनी यंत्र डबीत ठेवलं, लेक मैत्रिणीकडे गेलेली. दोघं स्वयंपाकघरातल्या टेबलाशी समोरासमोर बसले.

“त्या काढून ठेवतात,” ती म्हणाली. “दोन वर्षं.”

“काय सांगतेस.”

“तर बोल आता.”

“काय?”

“घराचं.”

“हां. घराचं.” त्यानं मिठाची बाटली सरळ केली. “तू बोल.”

तिला बोलायचं होतं, भरपूर बोलायचं होतं. पण समोर त्याचा चेहरा होता, तोही तिच्याकडे बघणारा, आणि मागे नळ ठिबकत होता. टेबलाशी बसून बोलायचं म्हणजे जबाब दिल्यासारखं वाटत होतं.

“त्या नळाचं बघायला हवं,” ती म्हणाली.

“हो. प्लंबरला सांगतो.”

“सांग.”

आतल्या खोलीतून सासूबाई समाधानानं बघत होत्या. तोंडं हलत होती.

शनिवारी दोघं बरोबर निघाले. गाडी रिकामी आली, नेहमीच्या जागी बसले, समोरच्या काचेत दोघांची अंधुक छाया. दोन स्टेशनं गेली. मग कोणी न ठरवता सुरू झालं.

“तू परस्पर हो कशाला म्हणालास?”

“तू परस्पर थांबा म्हणालीस, तसंच.”

“मी थांबा म्हटलं. ते मागे घेता येतं.”

“माझे गुडघे मागे घेता येतात का? सकाळी बसायला मिळतं ते ठीक आहे. येताना जंक्शनवरून मी उभा येतो, रोज. या आठवड्यात जंक्शनपासून पुढचंच धरलं, तर दमायच्या आत दुकान आलं. बरं वाटलं मला. सांगायचं नाही का?”

“सांग ना. कुठे सांगणार होतास? टेबलाशी?”

तिनं मग सगळं मांडलं. खिडकीचं सांगितलं, फी सांगितली, स्वेटर विणणारी बाई सांगितली. हिशेबाला ती पक्की. “हा पाऊण तास गेला तर आपल्याकडे काय उरतं? नळ आणि प्लंबर.”

“अगं पण इथे तरी काय होतं?” तो म्हणाला. “तू बोलतेस, मी हं म्हणतो. आणि खरं सांगू का, रागावू नकोस. तो नदीखालचा बोगदा येतो ना जंक्शनच्या आधी, त्यात मला काही ऐकू येत नाही. कोणालाच येणार नाही. मी एकदा यंत्र लावून मोजलंय, तिथे आवाज किती असतो ते.”

ती त्याच्याकडे वळली. डब्यात ती सहसा त्याच्याकडे बघायची नाही. बोगदा ही तिची खास जागा होती. जे सांगायला जीभ रेटत नाही ते ती तिथे सांगायची. गाडी खाली शिरली, गडगडाट सुरू झाला, की तिला धीर यायचा. आणि तो मान हलवायचा.

“मग मान कशाला हलवायचास? दोन वर्षं?”

“ओठांवरून कळतं,” तो म्हणाला. “काचेत दिसतात तुझे. आमच्या धंद्यात सवय लागते.”

“थापा.”

“विचार.”

तिनं विचार केला. सगळ्यात जड काय सांगितलं होतं तेच काढलं. “ते जळालेलं घर. त्याबद्दल मी काय म्हणाले होते?”

तो काचेकडे बघत बोलला. “घर पुरतं जळलं होतं. दाराशी मात्र चपला-बूट ओळीनं तसेच राहिले होते. लहान-मोठे, चार जोड. माणसं वाचली होती, तरी ती ओळ तुझ्या डोळ्यांसमोरून जाईना. आपल्या दाराशी चपला बघितल्या की तू आधी जोड मोजतेस म्हणालीस.”

त्यांच्या दाराशी चपला नसायच्या. कितीतरी महिने झाले, सकाळी ती उठायची तेव्हा सगळ्यांच्या चपला कपाटात गेलेल्या असत. तिला वाटलं होतं, सासूबाईंनी शिस्त लावली. चारचौघांत तिनं त्याची थट्टाही केली होती, आमच्याकडे आईनं म्हातारपणी मुलाला वळण लावलं म्हणून. तो हसला होता.

“तू उठायच्या आत उचलायचो,” तो म्हणाला. “त्यात काय.”

गाडी खाली उतरायला लागली. कानांत दडे बसले, मग बोगद्याचा गडगडाट डब्यात भरला. पेपरवाल्यांनी पेपर मिटले, गप्पा मारणाऱ्यांनीही तोंडं बंद केली. ती समोरच्या काचेकडे बघून काहीतरी म्हणाली. बरंच काही म्हणाली. डब्यात कोणालाही ऐकू गेलं नाही, तिला स्वतःलाही नाही.

बोगदा संपला तेव्हा तो थोडा वेळ गुडघे चोळत बसला.

“बरं,” तो म्हणाला. “लांबचं. पण एक. संध्याकाळी तू जंक्शनला माझ्यासाठी थांबायचं, आणि जागा मिळाली तर ती माझी.”

“अर्धा रस्ता तुझी.”

“गुडघे माझे आणि जागा अर्धी? बरं, अर्धी. आईला काय सांगायचं?”

“खोली मोठी आणि गॅलरी, हे खोटं नाही. आणि रोज रात्री थोडा वेळ तोंडं हलवायची. काहीही बोल. पाढे म्हण.”

जंक्शन आलं. आज दोघं एकाच दारातून उतरले.

एजंटनं आपल्या ऑफिसात जंक्शनच्या जागेचे कागद टेबलावर पसरून ठेवले होते, पेनाचं टोपणसुद्धा काढलेलं. ती खुर्चीत बसली आणि तिनं आपला कामाचा चेहरा लावला. ज्या चेहऱ्यानं ती लोकांच्या सोफ्यांकडे बघायची, तो. नवऱ्यानं तो ओळखला आणि शहाणपणानं भिंतीवरच्या नकाशाकडे बघायला लागला.

“ती दुसरी जागा,” ती म्हणाली. “टोकाची.”

“तिचं काय?”

“परवडली तर बघतोय. पण लांब आहे हो.”

एजंट गोंधळला, मग धंद्यावर आला. दारातली दुसरी पार्टी जंक्शनला होतीच. इकडे ही कित्येक महिन्यांची पडून राहिलेली जागा उठत होती. “लांब आहे, नाही म्हणत नाही. पण ताई, गाडी तिथूनच सुटते. बसायला जागा नक्की.”

“म्हणजे तेवढा सगळा वेळ बसून राहायचं.” तिनं उसासा टाकला. “दोघांनी. एकाच लाइनवर, एकाच गाडीत. रोज. आत्ताच्यापेक्षाही एक स्टेशन जास्त. तुम्हीच म्हणाला होतात ना, केवढा वेळ जातो ते?”

ते एजंट खरोखरच म्हणाला होता. त्यानं पहिला फोन उचलला, मालकाशी बोलला, दुसऱ्या फोनकडे बघितलं, आणि किंमत खाली आली. तिनं ती ऐकली, खिडकीबाहेर बघितलं आणि नुसतंच म्हणाली, “आणि उतारवयात गुडघे.” पुन्हा फोन झाला. किंमत अजून थोडी खाली आली.

“साहेब, तुम्ही काहीच बोलत नाही,” एजंट नवऱ्याला म्हणाला.

“मी काय बोलणार,” तो नकाशाकडे तोंड करून म्हणाला. त्याचे खांदे किंचित हलत होते. “जन्माचा प्रवास आहे.”

एजंटला दोघांची खरोखर कीव आली. त्यानं जंक्शनचे कागद गोळा केले, खालच्या खणातून दुसरे काढले, सहीची जागा बोटानं दाखवली.

“होईल सवय, ताई,” तो मऊपणानं म्हणाला. “वाटेत काहीतरी वाचत जा.”

“बघू,” ती म्हणाली, “वेळ मिळाला तर,” आणि तिनं सही केली.